एकास वीस प्रमाणातलं घर

"सर, मग बोट्या चहात पडला."

"कुठल्या चहात?"

"कपातल्या. आणि पोहत पोहत काठाला आला, आणि..."

"थांब, थांब. कप कुठला? कागदावरच्या घरातला, की तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातला?"

उभं राहून गोष्ट वाचणाऱ्या मुलानं डोकं खाजवलं. वर्गात सगळ्यात उंच, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. "कागदावरच्या," तो म्हणाला.

"मग बोट्याबरोबर कपही वीस पट लहान झाला ना, शहाण्या? तू पडतोस का रोज सकाळी तुझ्या चहाच्या कपात?"

आठवी 'ब' खदाखदा हसली. लंबूही हसला आणि वहीतलं वाक्य खोडून खाली बसला. भूमितीच्या सरांनी फळ्याकडे वळून घेतलं, कारण त्यांनाही हसू येत होतं आणि ते मुलांना दिसू द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

मुलं त्यांना पाठीमागे 'गुण्या' म्हणत. काखेत कायम लाकडी गुण्या असायचा, आणि माणूसही तसाच, नव्वद अंशांत उभा राहणारा. सव्वीस वर्षं नोकरी झाली, पण घंटेनंतर दोन मिनिटं उशिरा वर्गात आले असं कधी झालं नाही. अशा माणसानं भूमितीच्या तासाला मुलांकडून गोष्टी लिहून घ्याव्यात, हे शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस कुणाला पटत नव्हतं.

त्याला कारण झाला होता एक सोफा. मागे एका परीक्षेत 'आपल्या घराची प्रमाणबद्ध आकृती काढा' असा प्रश्न होता, आणि एका मुलानं सोफा काढला तो अख्ख्या न्हाणीघराएवढा. सर इतके वैतागले की भर वर्गात म्हणाले, "या सोफ्यावर बसणार कोण? हत्ती?" वर्ग हसला. पण मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मग हत्ती दारातून आत कसा येईल?" आणि दार मोजायला अर्धा वर्ग पट्ट्या घेऊन त्या आकृतीवर तुटून पडला. 'प्रमाण' हा धडा वर्षानुवर्षं घसा कोरडा करून शिकवला होता, पण मुलं आपण होऊन मोजायला धावली आहेत हे सर पहिल्यांदाच बघत होते.

तेव्हापासून बोट्या आला. खरा माणूस एकशेसत्तर सेंटिमीटर. एकास वीस प्रमाणात तो साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे बोटभर. म्हणून बोट्या. कागदावरच्या घरात तो राहतो. सकाळी उठतो, चालतो, पडतो, धडपडतो. मुलांनी त्याचा एक दिवस लिहायचा. अट एकच. गोष्टीत जे जे माप येईल ते कागदावर पट्टीनं मोजून बरोबर आलं पाहिजे, आणि खऱ्या जगात ते किती, हे समासात लिहिलं पाहिजे. गोष्ट कितीही थापाड असली तरी चालेल, माप थापाड चालणार नाही.

यंदा मात्र एक भानगड झाली. सरांनी सांगितलं, आपापलं घर मोजून आणा. त्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हिला सगळा वर्ग शंकाबाई म्हणायचा, कारण तिला शंका नाही असा तास अजून झाला नव्हता.

"सर, आम्ही आमचं घर सगळ्यांना दाखवायचं, तर तुम्ही तुमचं का नाही?"

सरांना रागवता आलं असतं. पण प्रश्न चोख होता, आणि चोख प्रश्नाला रागवणं त्यांना जमत नसे. "बरं," ते म्हणाले. "माझं घर काढून आणतो. सगळ्यांनी त्याच घरावर गोष्ट लिहायची."

आणि आता एकेचाळीस मुलांपुढे सरांच्या घराची एकेक झेरॉक्स होती. दोन खोल्यांचं घर, कागदावर अठ्ठावीस सेंटिमीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद. वर कोपऱ्यात सरांच्या टोकदार अक्षरात 'प्रमाण १ : २०'.

ते घर काढायला सरांना रविवारचा सगळा दिवस लागला होता. मोजायला वेळ लागला नाही, वेळ लागला तो एका रेघेला. त्याचं असं होतं की सर घरी एकटे राहत होते, आणि ही गोष्ट त्यांनी शाळेत कुणालाही कळू दिली नव्हती.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली. तीन महिन्यांसाठी. मग बाळ आजारी पडलं, मग मुलगी कामावर जायला लागली, मग दुसरं बाळ झालं. भांडण म्हणाल तर नाही. भांडण झालं असतं तर एक बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. बस सुटताना सर खिडकीशी उभे राहून म्हणाले होते, "सावकाश ये." ती आपली सावकाशच राहिली. 'ये' असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही आणि 'येऊ का' असं तिनं विचारलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा. तब्येत, पाणी, मुलीचं बाळ, आणि ठेवतो.

पहिल्या वर्षी शाळेत कुणी विचारलं की सर सांगत, येईल आता महिन्याभरात. दुसऱ्या वर्षी ते सांगायची लाज वाटू लागली. मग एक दिवस डब्यातली भाजी खारट झाली, तेव्हा ते शिक्षकांच्या खोलीत सहज बोलून गेले, "आमच्या हिचा हात आज मिठाला सैल पडलाय." सगळे हसले. बायको आली वाटतं परत, असा त्याचा अर्थ झाला, आणि सरांनी तो होऊ दिला. मग रोजच काहीतरी. हिला आज बरं नाही. हिनं आज लवकर बोलावलंय. स्वतः केलेल्या भाजीचे दोष त्या बिचारीच्या नावावर मांडत त्यांनी दोन वर्षं काढली. वर्गातसुद्धा तिचा उल्लेख व्हायचा, आणि मुलं तिला मॅडम म्हणायची.

तोंडानं खोटं बोलणं असं अंगवळणी पडलं होतं. पण पेन्सिल हातात घेतल्यावर गाडं अडलं. घरात दोन खाटा होत्या. एक सरांची. दुसरी घडीची, मिटवून भिंतीला उभी करून ठेवलेली. सरांनी ती आधी उघडून अंथरलेली काढली, साडेतीन सेंटिमीटर बाय नऊ. बघत बसले. मग खोडून टाकली. नसलेली खाट काढायची म्हणजे खोटं माप द्यायचं, आणि हात ऐकेना. शेवटी जशी होती तशी काढली. भिंतीलगत एक बारीक पट्टी, सात मिलिमीटरची. कोण बघतंय, असं म्हणून त्यांनी कागद गुंडाळला.

सव्वीस वर्षं मुलांना बारीक बघायला शिकवलेल्या माणसानं असं म्हणावं, म्हणजे कमाल झाली.

लंबू बसला आणि शंकाबाई उभी राहिली. तिनं वही डोळ्यांजवळ धरली.

"बोट्या सकाळी उठला. खाटेपासून शेगडीपर्यंत अठरा सेंटिमीटर, म्हणजे तीनशेसाठ. त्याचं पाऊल साडेतीन सेंटिमीटर. पाच पावलं झाली आणि सहाव्या पावलाला तो शेगडीवर आपटणार, म्हणून त्यानं ते छोटं टाकलं. मग त्यानं दोन कप चहा केला."

"दोन का?" लंबू म्हणाला.

"एक मॅडमचा. बोटूबाईंचा." वर्ग खुसखुसला. शंकाबाई हसली नाही. "पण सर, इथे माझी गोष्ट अडली. बोटूबाईंना उठवायला बोट्या गेला, तर त्या झोपल्यात कुठे तेच सापडेना. खाट एकच आहे. साडेतीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे सत्तर. दोघं मावत नाहीत, मी घरी खाटेवर माझ्या बहिणीला घेऊन बघितलं. मग ही भिंतीशी पट्टी आहे. लांबी नऊ, म्हणजे बरोबर खाटेएवढीच. पण रुंदी सात मिलिमीटर. चौदा सेंटिमीटरमध्ये कुणी कसं झोपेल?"

चाळीस पट्ट्या चाळीस कागदांवर टेकल्या. सरांना तो आवाज ओळखीचा होता, त्यांचा आवडता होता. आज मात्र तो त्यांना नकोसा झाला. 'कपाट' म्हटलं की संपलं असतं. चौदा सेंटिमीटर खोलीचं कपाट असतं का, असं ती विचारणार, तर 'पुस्तकांचं' म्हणता आलं असतं. उत्तर तयार होतं. दोन वर्षांचा सराव होता.

"घडीची खाट आहे ती," सर म्हणाले. "मिटलेली."

"दिवसा मिटवता?"

"नाही. मिटलेलीच असते."

"मग मॅडम?"

"मॅडम इथे नसतात." त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "मुलीकडे असतात. चार वर्षं झाली. मी एकटाच असतो घरी."

कुणी हसलं नाही. तेरा वर्षांच्या मुलांना अशा वेळी काय करायचं ते कळत नाही, त्यामुळे त्यांनी खाली कागदाकडे बघितलं. आपण चोरी करताना पकडलो गेलो आहोत आणि पकडणाऱ्यालाच वाईट वाटतंय, असं सरांना वाटलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती, आणि ती कशी काढायची हे त्यांना सुचत नव्हतं.

शंकाबाईला मात्र सुचलं, कारण तिची गोष्ट अर्धी राहिली होती. "मग सर, त्यांना मी कुठे दाखवू?"

"कागदाच्या बाहेर."

"किती बाहेर?"

मापाचा प्रश्न आला की सरांच्या तोंडून उत्तर आपोआप येई. "सहाशेतीस किलोमीटर."

"म्हणजे भागिले वीस," लंबू पुटपुटला. "साडेएकतीस किलोमीटर. बाप रे. एवढा कागद?"

"कागद सोड," शंकाबाई म्हणाली. "बोट्याला चालत जायला किती पावलं लागतील ते काढ."

मग मुलांनी वह्या उलट्या करून मागच्या पानावर गणितं मांडली. सरांनी कुणाला काही सांगितलं नाही. साडेएकतीस किलोमीटरचे सेंटिमीटर, भागिले साडेतीन. शून्यं कुणाची कमी झाली, कुणाची जास्त. शेवटी तीन-चार कोपऱ्यांतून एकच आकडा आला. नऊ लाख पावलं.

"आता खऱ्या माणसाचं काढतो," लंबू म्हणाला. "खरा माणूस मोठा, त्याला कमी लागतील." त्यानं सहाशेतीस किलोमीटरचे सेंटिमीटर केले, सत्तरनं भागलं. मग थांबला. पुन्हा भागलं. "सर, काहीतरी चुकतंय. त्यालापण नऊ लाखच येतायत."

"चुकत नाही," सर म्हणाले.

"पण बोट्या तर एवढासा आहे!"

शंकाबाई ताडकन उठली. "अरे, रस्ता वीस पट लहान झाला तसं पाऊलही वीस पट लहान झालं ना! पावलं तेवढीच राहणार. माणूस केवढाही करा, पावलं बदलणारच नाहीत!"

हे वाक्य एखाद्या मुलाच्या तोंडून, न सांगता, यावं म्हणून सर सव्वीस वर्षं शिकवत होते. ते आलं. त्यांना एवढा आनंद झाला की क्षणभर बाकीचं सगळं विसरायला झालं. मग त्यांनी फळ्यावर 'नऊ लाख' लिहिलं, आणि लिहिता लिहिता आकडा अंगावर आला. चार वर्षं ते घरात स्वतःला लहान लहान करत आले होते. एक ताट, एक कप, एका कोपऱ्यात एक खाट. लहान होऊन राहिलं की दुःखही लहान होईल, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. तो चुकला होता.

"पण सर," लंबू म्हणाला, "खरा माणूस चालत कशाला जाईल? बसनं जाईल ना. बसला किती वेळ लागतो?"

"अकरा तास."

"एवढंच?"

चार वर्षांत सर एकदाच गेले होते, दोन दिवस, पेपर तपासायला बरोबर घेऊन.

घंटा झाली. वह्या गोळा करताना शंकाबाई टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, रागावू नका हं. पण मग हे घर अर्धंच झालं. मॅडमची खोलीपण काढून आणा ना. याच प्रमाणात. नाहीतर गोष्ट पुरी कशी होणार?"

"आणतो," सर म्हणाले.

मुलांच्या तोंडी गेलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होणार, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून ते शिक्षकांच्या खोलीत गेले. तिथे चित्रकलेच्या बाई एकट्याच ब्रश धूत होत्या. सगळ्यात आपुलकीनं चौकशी करायच्या त्याच.

"या सर. काय म्हणतायत वहिनी?"

"बाई, तेच सांगायचंय. ही घरी नसते. मी उगाच आपलं..."

बाईंनी नळ बंद केला. "माहीत आहे आम्हाला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच की. तुमच्या शेजारच्या खोलीतली सून माझ्या भाचीची मैत्रीण आहे."

"मग तुम्ही रोज विचारत कशाला होता, वहिनी कशा आहेत म्हणून?"

बाई जरा गोंधळल्या. "तुम्हाला सांगायला आवडायचं म्हणून," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नळ सोडला.

सर आपल्या खुर्चीवर बसले. एवढी माणसं एवढे दिवस आपल्यासाठी खोटं ऐकून घेत होती, याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी डबा उघडला आणि कुणावरही काही न ढकलता भाजी खाल्ली.

शाळा सुटल्यावर घरी येऊन त्यांनी टेबलावर कोरा कागद चिकटवला, पेन्सिलला टोक केलं आणि फोन लावला.

"काय झालं?" पलीकडून तिचा घाबरलेला आवाज आला. "आज बुधवार आहे."

"काही नाही. तू झोपतेस ती खोली केवढी आहे?"

"काय?"

"लांबी-रुंदी हवीय. आकृती काढायचीय."

"तुम्हाला बरं आहे ना?"

"बरं आहे गं. वर्गातल्या मुलांना गोष्ट लिहायचीय. त्यासाठी हवीय."

"कुणाची गोष्ट?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "आपली," ते म्हणाले.

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज, पावलांचा आवाज, दार लोटल्याचा आवाज. "पट्टी नातीच्या खेळण्यांत हरवलीय," ती म्हणाली. "वितीनं मोजते. धरा फोन."

ती मोजू लागली. एक, दोन, तीन. भिंतीवर तिचा तळहात सरकत होता, आणि मध्येच काहीतरी बाजूला करावं लागत होतं तसा तिचा श्वास वर येत होता. सर ऐकत राहिले. तिचा आवाज एवढा वेळ सलग त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "एकोणीस," ती म्हणाली. मग दुसरी बाजू. "आणि इकडून पंधरा. कपाट आहे मध्ये, ते धरून."

सरांनी लिहून घेतलं. लांबी एकोणीस वीत, रुंदी पंधरा वीत. "वीत किती सेंटिमीटरची आहे तुझी?"

"मला काय माहीत? कधी मोजलीय?"

"अंदाजे सांग."

"अंदाजे म्हणजे..." ती थांबली. तिकडे तिनं हात समोर धरून बोटं ताणली असावीत. "एवढी आहे बघा," ती म्हणाली.

सरांनी स्वतःचा डावा पंजा कागदावर पसरला आणि पट्टीनं मोजला. बावीस. तिची याहून लहान असणार. पण किती लहान? एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरातली प्रत्येक भिंत मोजली होती, दारं, खिडक्या, खाटा मोजल्या होत्या. तिचा हात डोळ्यांपुढे आला, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागसुद्धा आला. आकडा आला नाही.

"ऐकताय ना?" ती म्हणाली.

"ऐकतोय. मोजायला यावं लागेल."

"तुम्हाला शाळा असेल ना," ती म्हणाली. नेहमी जे ते म्हणायचे, ते आज त्यांच्या आधी तिनंच म्हणून टाकलं, अगदी समजूतदारपणे, त्यांना अवघड होऊ नये म्हणून.

फोन कानाशी तसाच धरून सरांनी कागदाच्या कोपऱ्यात 'प्रमाण १ : २०' लिहिलं. त्याखाली लिहिलं, '१ वीत =', आणि पुढची जागा कोरी ठेवली.